पुलावरचा ब्रेक

४ फेब्रुवारी, मंगळवार

नाही, मी पुलाला घाबरत नाही. पुलावर गर्दी असते, वेळ जातो, शिकाऊ माणसाचा जीव आणि माझा घसा दोन्ही सुकतात, म्हणून मी गाडी खालच्या रस्त्याने वळसा घालून नेते. कुणी विचारलंय का? नाही विचारलं. तरी सांगून ठेवलेलं बरं.

ही वही टायरवाल्याने फुकट दिलेली. प्रत्येक पानावर एक टायर आणि खाली चुकीचा वार, कारण वही जुन्या सालची आहे. वार खोडून लिहितेय. छातीचा डॉक्टर म्हणाला, तुमचं हृदय घोड्यासारखं आहे, वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टरीणबाई बसतात त्यांना भेटा, आणि त्रास होईल तेव्हा लिहीत जा. माझी शाळा सातवीत सुटली. तेव्हापासून मी पावत्यांशिवाय काही लिहिलेलं नाही. पण घोड्याचं हृदय घेऊन वरच्या मजल्यावर जायचं म्हणजे काहीतरी गडबड आहे, एवढं मलाही कळतं.

झालं ते असं. गेल्या महिन्यात वाचनालयवाली गाडी चालवत होती. ही माझी सध्याची शिकाऊ. चाळिशीची बाई, पण गाडी खांबाला घासली तर खांबाला सॉरी म्हणते. तिला फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची नोकरी मिळणार आहे, लायसन्स मिळालं तर. पहिल्याच दिवशी पट्टा लावता लावता म्हणाली, "बाई, मी घाबरण्यावरची गोळी घेते. डॉक्टरांनी गाडी चालवायला हो म्हटलंय. पण तुम्हाला माहीत असलेलं बरं." मी म्हटलं, "इथे गोळ्या-बिळ्या चालत नाहीत. इथे क्लच चालतो." आणि हसले. विनोद माझा, हसणारीही मीच.

तर पुलाच्या मधोमध आलो आणि कुणीतरी माझ्या छातीवर पोतं टाकलं. हात बर्फ. कानात शिट्टी. वाटलं, संपलं, आता मी मरणार, आणि तेही शिकाऊच्या शेजारी. माझा पाय गेला ब्रेकवर. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो, आणि मी तो जरा जास्तच वापरते, म्हणून माझ्या पाठीमागे सगळे मला ब्रेकबाई म्हणतात. मला माहीत आहे.

गाडी कचकन थांबली. मागे हॉर्नचा गोंधळ. वाचनालयवाली पांढरीफटक. "बाई, काय झालं?"

मी म्हटलं, "काय झालं काय? हा पुलावरचा ब्रेक. अचानक थांबायची सवय हवी. शिकून घे."

तिने मान डोलावली. वर ही युक्ती इतर शिकाऊंनाही सांगितली. आता सगळे विचारतात, बाई, पुलावरचा ब्रेक कधी शिकवणार? मी म्हणते, आधी गिअर तरी नीट टाका.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षा लहान. खोलीत एक रोपटं, दोन खुर्च्या, मध्ये नाक पुसायच्या कागदांचा डबा. डबा माझ्याकडे तोंड करून ठेवलेला. मी तो तिच्याकडे फिरवला.

"कसं वाटतंय?"

"खुर्चीत बसल्यासारखं."

"घरी कोण असतं?"

"लेक असते. नोकरी करते. हे गेल्या वर्षी गेले."

"मग?"

"मग काय? मग गाडी सर्व्हिसिंगला दिली."

तिने ते लिहून घेतलं. त्यात लिहिण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक. मग विचारलं, "ते काय करायचे?" मी सांगितलं, गाडी त्यांची, ड्रायव्हिंग स्कूलही त्यांचं. हे शिकवायचे आणि मी ऑफिसात बसायचे. बायकांना शिकवायला बाई लागते म्हणून मलाही परवाना काढायला लावला होता, तो असा उपयोगी पडला. आता यांच्या जागेवर मी बसते. सीट यांच्या लांब पायांच्या हिशोबाने मागे लावलेली आहे आणि लिव्हर जाम आहे, म्हणून पाठीला उशी घेते. पाय जेमतेम पोचतो. ब्रेकला पोचला की झालं.

हेही तिने लिहून घेतलं. मी म्हटलं, "अहो, पुलाचं विचारा ना. पुलाचं आणि सीटचं काय?"

"पुलावर पूर्वी काही झालं होतं?"

"काही नाही. तेच तर. काही झालं असतं तर सांगायला तरी बरं. बिनकारणाचं दुखणं घेऊन फिरायला लाज वाटते."

तिने गोळ्या दिल्या, श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. या वयात श्वास शिकले. आणि गृहपाठ दिला: एका माणसाला सांगा.

"तुम्हाला सांगितलं की."

"मला धरायचं नाही."

१० फेब्रुवारी, सोमवार

वाचनालयवाली नापास झाली. दुसऱ्यांदा.

परीक्षा घेणारे साहेब गाडीतून उतरले ते लालबुंद. "हिने पुलाच्या मधोमध ब्रेक मारला! कारण नसताना! मागून ट्रक येत होता!"

आणि ती खाली उतरली ती हसत. अजून तिला निकाल कळला नव्हता. "बाई, पुलावरचा ब्रेक अगदी तुमच्यासारखा मारला."

आता यावर माणसाने काय बोलावं? खरं बोलावं. मी म्हटलं, "आधी आरसा पाहिला होतास का?"

"नाही."

"मग नापासच होणार."

तिचा चेहरा पाण्यात टाकलेल्या कागदासारखा झाला. म्हणाली, आता शेवटची संधी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हाही नाही झालं तर गाडी दुसऱ्याला देणार. मग खालच्या मानेने म्हणाली, "बाई, त्यानंतर आपण पुलावर परत गेलोच नाही. एकदा नेता का?"

मी म्हटलं, "पूल काय शिकवायचा? सरळ रस्ता असतो."

रात्रीचं जेवण गेलं नाही. दुपारचं जड झालं असावं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गृहपाठ करायला गॅरेजवाल्याकडे गेले. हा यांचा जुना दोस्त, मला वहिनी म्हणतो. बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. म्हटलं, तोंड दिसत नाही तोवर सांगून टाकावं.

"माझ्या ओळखीच्या एका बाईला पुलावर गेलं की जीव घाबरा होतो."

"कुठली गाडी आहे त्या बाईची?"

"अशीच. आपल्यासारखी."

"मग त्या बाईला म्हणावं, रोज पूल टाळून एकाच बाजूने वळसे घातले की पुढचा टायर एका अंगाने झिजतो. हा तुमचा झिजलाय ना, तसाच तिचाही झिजला असणार."

"तू टायर बघ."

"टायरच बघतोय, वहिनी."

मग ब्रेक तपासायला माझ्या जागेवर बसला. "सीट एवढी मागे? तुमचा पाय कसा पोचतो?"

"लिव्हर जाम आहे."

त्याने एका बोटाने ओढलं. सीट सर्रकन पुढे आली.

त्याने माझ्या उशीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मागे कधीतरी तेल घातलं होतं मी. म्हणून सुटली असेल."

"पुन्हा मागे कर."

त्याने केली. मग बराच वेळ तेच एक फडकं घेऊन तेच एक बोट पुसत बसला. डोळे लाल झाले होते. गॅरेजात धूळ फार असते. किती वेळा सांगितलं, पाणी मारत जा.

हा गृहपाठ धरतील की नाही, शंका आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

झाकली मूठ उघडली. लेकीने साखरेच्या डब्यामागच्या गोळ्या काढल्या.

"आई, या कसल्या?"

"ॲसिडिटीच्या."

तिने पाकिटावरचं नाव फोनवर शोधलं. या फोनपायी आयांना खोटं बोलायची सोय राहिली नाही.

"हे कधीपासून आहे? मला का नाही सांगितलंस?"

"तू चाव्या काढून घेशील. म्हणशील, स्कूल बंद कर, आराम कर. मी काय मोडकी खुर्ची आहे, कोपऱ्यात ठेवायला?"

"मी असं कधी म्हटलंय?"

"म्हणणार होतीस."

"आई, बाबा गेले त्याच आठवड्यात तू स्कूल उघडलंस. लोक भेटायला यायचे आणि तू त्यांना फी सांगायचीस. मी खोलीत जाऊन तोंडावर उशी दाबून रडायचे, तुला ऐकू जायला नको म्हणून."

मी म्हटलं, "रडायला तुला अडवलं कुणी होतं?"

"तू. ब्रेक तुझ्या बाजूला असतो ना."

एवढं बोलून आत गेली. मी तिथेच उभी. दूध उतू गेलं, तेही पाहत राहिले. दूध उतू जाताना मी आयुष्यात कधी नुसती पाहत राहिलेली नाही.

मग तिच्या दाराशी गेले. म्हटलं, "चाव्या हव्या असतील तर घे."

आतून आवाज आला, "मला चाव्या नकोत. डॉक्टरकडे पुढच्या वेळी मीपण येते."

"तुला काय झालंय?"

"तेच विचारायला येणार आहे."

१९ फेब्रुवारी, बुधवार

विशेष काही नाही. श्वास घेतला. सोडला. डॉक्टरीणबाई याला प्रगती म्हणतात.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजचं लिहू की नको असं झालंय, पण इतकी शोभा झाली आहे की वहीलाही हसू दे.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पुलावर पायी जा. पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत. थांबा, श्वास घ्या, परत या. लेक म्हणाली, मी येते. मी म्हटलं, पुलावरच चाललेय, परदेशात नाही.

सकाळी लवकर गेले. खांबापर्यंत पोचले आणि पोतं आलंच छातीवर. कठडा दोन्ही हातांनी पकडला, डोळे मिटले आणि शिकवल्याप्रमाणे श्वास मोजायला लागले. तेवढ्यात कोपराला कुणीतरी धरलं. पाहते तर एक पळणारा. अर्धी चड्डी, कानात ती गाण्याची बोंडं, घामाघूम.

"आजी," अगदी हळू आवाजात म्हणाला, "काही बोलायचंय का?"

"नाही."

"मी इथेच थांबतो. घाई नाही."

"अरे, पण का थांबतोस?"

"आजी, नदीकडे बघू नका. माझ्याकडे बघा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, "मूर्खा, मी उडी मारायला नाही आले! मी ड्रायव्हिंग शिकवते!"

यावर त्याचा विश्वास बसेना. बरोबरच आहे, पुलावर गाडीशिवाय, घट्ट डोळे मिटून कोण ड्रायव्हिंग शिकवतं? मग सगळं सांगावं लागलं, नाहीतर पोलीस बोलावले असते त्याने. पूल, ब्रेक, गोळ्या, वाचनालयवालीचं नापास होणं, यांची सीट, सगळं. कठडा धरून, घाम पुसत. लेकीला जे नीट सांगितलं नाही ते अर्ध्या चड्डीतल्या परक्या माणसाला सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. असं ऐकणारं माणूस मी यांच्यानंतर पाहिलं नाही.

संपल्यावर मी म्हटलं, "तुझं पळणं बुडालं."

म्हणाला, "रोज कुणी कठड्याशी उभं दिसलं की थांबतो. पूर्वी एकदा एका माणसाजवळून तसाच पळत गेलो होतो."

त्या माणसाचं काय झालं ते मी विचारलं नाही. त्याने मला पुलाच्या टोकापर्यंत सोडलं आणि चालत गेला. राहिलेलं पळणं त्याने पुरं केलं का नाही, कुणास ठाऊक. चांगला दम होता त्याला.

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती इतकी हसली की खाली बसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मी ब्रेक मारला नाही. शेजारी बसले. डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं वाटलं. दोन्ही डोळ्यांत एकदम.

२ मार्च, रविवार

लेक म्हणाली होती, वाचनालयवालीला समोरच्या स्कूलच्या गॉगलवाल्याकडे पाठव, तो नेईल पुलावर. विचार केला होता. पण मग तिला कारण काय सांगायचं? परत एक थाप? पहिल्याच थापेने तिची नोकरी खायची वेळ आणली होती.

सकाळी रस्ते रिकामे असताना तिला बोलावलं. निघायच्या आधी सीट पुढे घेतली. उशी मागच्या सीटवर टाकली. पुलाच्या पायथ्याशी गाडी बाजूला घ्यायला लावली.

म्हटलं, "पुलावरचा ब्रेक असं काही नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मला त्या दिवशी पुलावर झटका आला होता. घाबरायचा. मरते की काय असं वाटलं, पाय ब्रेकवर गेला, आणि मी तुला थाप मारली. तू परीक्षेत तेच केलंस आणि नापास झालीस. ते माझ्यामुळे."

मला वाटलं होतं ती सॉरी म्हणेल. खांबाला म्हणते ती. पण ती गाडीतून उतरली. दार इतक्या जोरात आपटलं की आरसा हलला. लांब जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी काचेतून तिची पाठ बघत बसले. असं वाटलं, ही आता परत येत नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

आली. खिडकीतून म्हणाली, "मी घरी जाऊन आईला सांगितलं, मला हे जमणारच नाही. रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या. तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी गोळीचं. सांगायला किती धीर लागला होता माहितेय? आणि तुम्ही हसलात."

"हसले. चुकलं."

"आणि तुम्हीपण तीच गोळी घेता?"

"माझी पांढरी आहे."

"माझीपण पांढरीच आहे, बाई."

आत येऊन बसली. पट्टा लावला. "चला. पूल करू."

मी म्हटलं, "थांब. वर मला परत झालं आणि पाय ब्रेकवर गेला तर?"

"चपला काढा आणि पाय वर घ्या."

"आणि तू ठोकलीस तर?"

"मला तुम्हीच शिकवलंय ना?"

"म्हणून तर विचारतेय."

शेवटी मांडी घालून बसले. शिकवायच्या गाडीत, शिकवणाऱ्याच्या जागेवर, मांडी घालून. यांनी पाहिलं असतं तर आठवडाभर जेवताना ठसका लागला असता. चढ लागला, आणि पोतं आलं. वेळ चुकवत नाही ते. मी डॅशबोर्ड धरला.

"बाई, काय दिसतंय ते मोठ्याने सांगा. मला असंच शिकवलंय."

"खांब. खांब. निळा ट्रक. खांब. तुझा वेग जास्त आहे. खांब."

"श्वास सोडा."

"तू क्लच सोड! खांब. पाणी. खांब."

पलीकडे उतरलो. मेले नाही. पाय खाली सोडले तर मुंग्या आलेल्या. ती म्हणाली, "अजून एकदा?" मी म्हटलं, "दम घे." ती म्हणाली, "मला नाही लागला."

मग दुपारपर्यंत तेच केलं. पोतं प्रत्येक वेळी आलं. शेवटी शेवटी जरा हलकं होतं. की मलाच सवय झाली, देव जाणे.

६ मार्च, गुरुवार

आज परीक्षा. ती साहेबांना घेऊन पुलाकडे गेली आणि मी बाकावर. शेजारी गॉगलवाला. पाय पसरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय ब्रेकबाई, आजही पुलावर मुक्काम का?"

एरवी मी त्याच्या गॉगलवरून चार सुनावले असते. आज थापा मारायचा कंटाळा आला होता. म्हटलं, "ते माझ्या दुखण्यामुळे झालं. मला पुलावर घाबरायला होतं. औषध चालू आहे. तुला होतं का काही?"

तो म्हणाला, "मला काय होणार?" आणि पाणी प्यायला गेला. बरंच पाणी प्यायला. परत आला, शेजारी टेकला, गॉगल काढून काचा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "डॉक्टर कुठे बसतात?"

"दुसऱ्या मजल्यावर. डबा तुझ्याकडे फिरवलेला असेल, घाबरू नकोस."

गाडी आली. साहेब उतरले. चेहऱ्यावरून काही कळेना. मी श्वास मोजायला लागले, पुलाबिलाशिवायच.

"थांबली नाही पुलावर," ते म्हणाले. "चांगली चालवली. पण सबंध पूलभर मोठ्याने खांब, खांब, खांब म्हणत होती. हे काय नवीन शिकवायला लागलात?"

"पास की नापास ते सांगा."

"पास. बोलण्याचे मार्क कापायची सोय नाही आमच्याकडे."

वाचनालयवालीने मला मिठीच मारली. मला असले प्रकार आवडत नाहीत. पण ती घट्ट होती आणि सुटायला वेळ लागला, त्याला मी काय करणार?

परत येताना गाडी तीच चालवत होती, पुलावरून. मला झालं. थोडं. मी सांगितलं, "होतंय." ती म्हणाली, "बरं." एवढंच.

८ मार्च, शनिवार

बाकीचे शिकाऊ उरले होते. त्यांच्या डोक्यात अजून पुलावरचा ब्रेक बसलेला, एखादा खरंच कुणाच्या तरी ट्रकखाली जायचा. म्हणून शनिवारच्या वर्गात, फळ्यावर रस्त्याच्या खुणा काढतो तिथे, सगळ्यांना उभं राहून सांगितलं. पुलावरचा ब्रेक नाही. माझं दुखणं आहे. असं असं होतं.

मला वाटलं, अर्धे लोक फी परत मागतील. तर मागून कुणीतरी विचारलं, "बाई, नेमकं कसं होतं?" दुसरी म्हणाली, "मला लिफ्टमध्ये होतं तसंच का?" तिच्या शेजारचा म्हणाला, "लिफ्टमध्ये? मला मीटिंगमध्ये होतं." आणि जी काही सुरुवात झाली ती फळा पुसायची वेळ आली तरी संपेना. लेक न्यायला आली होती, तीही दारातून आत येऊन बसली. तिलाही बोलायचं होतं. बोलली. यांच्याबद्दल मीही बोलले.

काय बोलले ते इथे लिहिणार नाही. ज्यांना सांगायचं त्यांना समोरासमोर सांगून झालंय. वहीला वेगळं काय सांगायचं? नाही सांगत. पुरे.